खुणेच्या वर चढलेलं तेल

माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या येरमाळ्याला माहीत होतं. मी ईरण्णा मिस्त्री. सोलापुरात नऊ वर्षं मोटारींच्या पोटाखाली उताणा पडून काढली आणि मग गावी येऊन बाजारतळाच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं. इंजिन बिघडलं की मला राग येतो. इंजिनाचा नाही, ज्याने ते बिघडू दिलं त्याचा. त्या रागात मी एकदा एक वाक्य बोललो आणि एका भल्या माणसाच्या हातात बेड्या पडल्या. ते वाक्य खोटं असतं तर निदान मागे तरी घेता आलं असतं. ते खरं होतं, हीच पंचाईत.

लढाईची वर्षं होती. निजामाच्या अमलात काय आणि पलीकडे इंग्रजी मुलखात काय, पेट्रोल कुपनावर आणि इंजिनाचं तेल परवान्यावर. आमच्या गावात एकच सर्व्हिस मोटार होती, शंकरप्पा भुसाऱ्यांची. जुनी अमेरिकन गाडी, मागे लाकडी बाकं ठोकलेली. येरमाळा ते येडशी स्टेशन, रोज दोन फेऱ्या. चालवायचा आयुब. पस्तिशीचा, कमी बोलणारा, गाडीला हात लावण्याआधी हात पुसणारा. असे ड्रायव्हर मी फार थोडे पाहिले.

पेट्रोल पुरेना म्हणून मी त्या गाडीला घासलेटची दुसरी टाकी बसवली होती. मध्ये एक पितळी कॉक. गाडी पेट्रोलवर सुरू करायची, तीन-चार मैल चालवून इंजिन चांगलं तापवायचं आणि मगच कॉक फिरवून घासलेट सोडायचं. इंजिन गार असलं तर घासलेट पुरतं जळत नाही. आयुबला मी हे दहा वेळा घोकून दिलं होतं. आणखी एक गोष्ट सांगितली होती, की तेलाच्या पट्टीवर जी खूण आहे तिच्या खाली तेल जाऊ द्यायचं नाही आणि वरही चढू द्यायचं नाही.

त्याच वेळी इंजिनाच्या रिंगाही, म्हणजे तेल वर जाऊन जळू नये म्हणून दट्ट्यांना घातलेली कडी, मी बदलल्या होत्या. नव्या मिळत नव्हत्या. बार्शीहून एका मोडक्या गाडीच्या आणून कानशीने घासून बसवल्या. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

त्यानंतर दोन महिन्यांनी शंकरप्पा बाजारभर सांगू लागले, की गाडीचं तेल कमीच होत नाही. आप्पा तसे हिशेबी माणूस, पण आमच्या देवीवर, येडाईवर, श्रद्धा मोठी. "दोन म्हैने झालं, थेंब घालावा लागला न्हाय. आईची किरपा हाय," असं ते गिऱ्हाइकाला, वाटसरूला, जो भेटेल त्याला सांगायचे. एकदा मलाही हाताला धरून नेलं, बॉनेट उघडलं, पट्टी काढून दाखवली. तेल खुणेला टेकलेलं. मी मिस्त्री. इंजिन तेल खातंच, हे मला कळायला हवं होतं. पण मी काय म्हणालो? "आप्पा, किरपा आईची आसंल, पन रिंगा माज्या हायेत." आणि छाती फुगवून परत आलो.

बाजारच्या दिवशी सकाळी नवाच्या सुमाराला आयुबने गाडी स्टँडवर न नेता सरळ माझ्या शेडपुढे आणली.

"मिस्त्री, काटा पडलाय. चढावर धाच्या खाली आला."

तेलाचा जोर दाखवणारा काटा नेहमी चाळिसावर उभा असायचा. दहाच्या खाली म्हणजे इंजिनाच्या अंगात तेल फिरतच नाही, लोखंडावर लोखंड घासतंय. मी हातातलं काम टाकलं. बाकांवरचे उतारू खाली उतरून भोवती उभे राहिले. आप्पा दुकानातून धावत आले. समोरच्या हॉटेलात अमीनसाहेब चहा पीत बसले होते. अमीन म्हणजे आमच्याकडचा फौजदार. बाजाराच्या बंदोबस्ताला ते कळंबहून आले होते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उस्मानाबादला जाणार होते.

आधी मी काट्यावर संशय घेतला. कधी कधी इंजिन ठीक असतं आणि काटाच खोटं बोलतो. काट्यामागची बारीक तांब्याची नळी सोडली आणि आयुबला म्हणालो, "मार हँडल." इंजिन सुरू झालं. नळीतून तेलाची चिळकांडी उडायला पाहिजे होती. तुटक्या तोटीतून पाणी ठिबकावं तसं ते ठिबकलं. म्हणजे काटा खरा होता.

मग तेल संपलं असेल म्हणून पट्टी काढली. तेल संपलेलं नव्हतंच. ते खुणेच्या वर होतं, चांगलं बोटभर. तेल जास्त आणि जोर कमी, हे कसं? मी ते दोन बोटांत चोळलं. चिकटपणा नाही. नाकाशी नेलं आणि माझं डोकं फिरलं.

"आरं, तेलात घासलेट कुनी वतलं? इंजिन मारायचंय का रं?"

एवढंच वाक्य. बाजारतळावर, पन्नास माणसांत, माझ्या नेहमीच्या आवाजात.

आप्पांच्या तोंडावरचा रंग उतरला. दोन महिने ते ज्याला आईची कृपा म्हणत होते ते काय होतं, ते त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. "आसं हाय व्हय! तेल काढून इकायचं आन वरनं घासलेट वतायचं. पट्टी भरलेली दिसली की आप्पा खूश. आईच्या नावावर मला येडा बनवला ह्यानं."

"आप्पा, म्या न्हाय वतलं," आयुब म्हणाला. "खुदाकसम न्हाय."

अमीनसाहेब चहा संपवून, तोंड पुसत आले. त्यांनी आयुबकडे पाहिलंच नाही, मला विचारलं. "मिस्त्री, तुम बोलो. तेल में घासलेट है?"

"हाय साहेब," मी म्हणालो. काय सांगणार? होतंच.

शिपाई आयुबच्या घरी गेले आणि अर्ध्या तासात एक पत्र्याचा डबा घेऊन आले. अर्धा भरलेला, काळं तेल. घराशेजारच्या गाडीवानाने कबूल केलं की बैलगाडीच्या आसाला लावायला आयुबने त्यालाही दोनदा तेल दिलं होतं. आता काय राहिलं? आयुबने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला चावडीत नेऊन बसवलं. परवान्याच्या तेलाची चोरी म्हणजे लढाईच्या कायद्याखाली गुन्हा. एकदा उस्मानाबादला नेला की सहा महिने तरी बाहेर येत नाही, असं शिपायानेच मला सांगितलं.

आप्पा म्हणाले, "ईरण्णा, मोटार तेवढी नीट कर. उद्या फेरी झाली पायजे."

दुपारभर मी गाडीखाली होतो. राग अजून आयुबवरच होता. इतका चांगला हात असलेला माणूस असलं काही करतो, याने तो जास्तच चढला होता. इंजिनाच्या पोटाखालच्या चेंबरचा नट सोडला आणि तेल घमेल्यात काढलं. मग चेंबर उतरवलं. जोर कमी व्हायला गाळ कारण असतो म्हणून तेल ओढणारी जाळी पाहिली, ती स्वच्छ होती. जोर धरून ठेवणारी स्प्रिंग काढली, ती खणखणीत. बेरिंगं हलवून पाहिली. थोडी सैल झाली होती पण जीव होता. म्हणजे यंत्रात बिघाड नव्हता. तेलच पातळ झालं होतं आणि पातळ तेल सैल बेरिंगांतून जोर न धरता निघून जात होतं.

काम संपलं तेव्हा सवयीने तेल माझ्या शेरभराच्या मापट्याने मोजलं. चेंबरमध्ये सहा शेर तेल मावतं. घमेल्यात साडेसात शेर निघालं.

मी पुन्हा मोजलं. साडेसात.

मग मी तिथेच बसलो. शेरभर तेल चोरणारा शेरभर घासलेट ओतेल. पट्टी खुणेला टेकली की त्याचं काम झालं. खुणेच्या वर बोटभर ओतून आपलीच चोरी उघडी पाडणारा चोर कुठला? त्याने डब्यात काढलेलं तेल वेगळंच. तेही धरलं तर गाडीत घातलं त्याहून किती तरी जास्त बाहेर आलं होतं. आणि पट्टीवर नजर ठेवायला आयुबला मीच शिकवलं होतं.

मी हात न धुताच आयुबच्या घरी गेलो.

सायराबी, त्याची बायको, दारात बसली होती. मला पाहून उठली नाही. "आता काय न्यायचं राहिलंय मिस्त्रीभाई?" म्हणाली.

"डब्यात तेल कशाला काढलं त्यानं?"

"तुमीच सांगितलं हुतं ना? खुनंच्या वर तेल चढू द्यायचं न्हाय म्हून. चार-आठ दिसाला चढायचं. ते काढून आनायचे. लढाईचे दिस, फेकायचं कसं? गाडीवाल्याला देत हुते, फुकट." मग ती म्हणाली, "तुमी वरडला नसता तर त्यो आज घरी जेवला आस्ता."

मी तसाच मागे फिरलो.

तिथून चावडीत गेलो. आयुब आतल्या खोलीत होता, दार लावलेलं. अमीनसाहेबांच्या टेबलावर तो डबा होता. परवानगी घेऊन मी झाकण काढलं. चोरायचं म्हणून काढलेलं तेल घट्ट असायला हवं होतं. हेही पातळच होतं, घासलेटच्या वासाचं.

"साहेब, ह्यानं काय वतलं न्हाय. इंजिनच वरनं घासलेट पाजतंय तेलाला."

"मोटार खुद मिलाती?" साहेब हसले. "क्या मिस्त्री, अब मोटार गवाही देगी?"

"देगी साहेब. उद्याचा दिवस द्या."

आप्पांना बोलावलं. ते ऐकेनात. त्यांच्याकडे परवान्यावरच्या तेलाचा एकच डबा शिल्लक होता, पुढचा कधी मिळेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी तो असल्या खेळासाठी मागत होतो. शेवटी अमीनसाहेबच म्हणाले, तेल तर नाहीतरी घालावंच लागणार आहे. घालू या, आणि मी स्वतः त्यावर सील करतो. संध्याकाळपर्यंत तेल वाढलं तर बघू. नाही वाढलं तर आरोपी माझ्याबरोबर येईल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अमीनसाहेबांनी स्वतः मापट्याने सहा शेर नवं तेल ओतलं. तेल घालायच्या झाकणावर आणि पट्टीच्या तोंडावर चिंधी बांधून लाखेचं सील मारलं. खालच्या नटावरही मारलं. आता कुणी वरून घासलेट ओतेल ही शक्यता उरली नाही. गाडी मी चालवायला घेतली. शेजारी साहेब, मागे आप्पा आणि चार-सहा उतारू.

नव्या तेलावर काटा चाळिसावर उभा राहिला. येडशीपर्यंत तिथेच होता. परत येतानाही तिथेच. येरमाळ्यात आल्यावर साहेबांनी पट्टीचं सील तोडलं आणि पट्टी बाहेर काढली. तेल खुणेवर, केसभरही वर नाही. वास घेतला. नुसत्या तेलाचा.

आप्पांनी नुसता श्वास सोडला आणि मला वाटलं आयुब गेला. मीच त्याला दोनदा पुरला. काल एका वाक्याने, आज एका फेरीने.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बस, मिस्त्री?"

मी बॉनेटला टेकून उभा होतो. गाडी तीच, वाट तीच, तेल घट्ट, घासलेट तेच. मग वेगळं काय? वेगळा फक्त चालवणारा. मी सकाळी गाडी सुरू करून पाच मिनिटं जागेवर तापवली होती, आणि कॉक माझ्या हिशेबाने चार मैलांवरच्या चिंचेपाशी फिरवला होता.

"साहेब, ही फेरी म्या चालवली. रोज आयुब चालवतो. त्यालाच चालवू द्या, शिपाई बसवा शेजारी."

"भाग गया तो?"

"मोटारीत बसून पळाला तर काट्यावरनं कळंल की कुटवर गेला," मी म्हणालो. माझी जीभ अशा वेळीसुद्धा गप्प बसत नाही. पण साहेबांना हसू आलं. त्यांनी पट्टीवर पुन्हा सील मारलं आणि शिपायाला खूण केली.

आयुबला आणलं. चालवायला बेडी काढली. रात्रभर झोपला नसावा, डोळे लाल होते. त्याने हात सदऱ्याला पुसले आणि स्टिअरिंगमागे बसला. मी त्याला इतकंच म्हणालो, "रोज चालिवतो तशी चालीव. येक गोष्ट बदलू नगं."

इंजिन गार होईपर्यंत आम्ही थांबलो होतो. हँडल मारलं, गाडी लगेच निघाली. गावाबाहेर, येडाईच्या डोंगराच्या पायथ्याशी रस्त्याकडेला आईचा कुंकवाचा दगड आहे. प्रत्येक गाडी तिथे थांबते. आयुबनेही थांबवली. मागचे उतारू उतरले, "आई राजा उदो उदो" झालं, दगडावर कुंकू वाहिलं आणि लोक परत बसले. गाडी निघण्याआधी आयुबचा डावा हात खाली गेला आणि त्याने पितळी कॉक फिरवला.

गावापासून अर्ध्या मैलावर. पाच मिनिटं उभ्या असलेल्या गाडीत. इंजिनावर हात ठेवता आला असता, इतकं ते गार होतं.

मागे वळून आप्पांकडे पाहिलं. ते शांतपणे हात जोडून दगडाकडे पाहत होते. त्यांच्या दृष्टीने काहीच झालं नव्हतं. रोजचंच होतं.

मी तोंड मिटून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा, आणि ते सोपं नव्हतं. पण आता बोललो असतो तर कुणीही म्हटलं असतं की मिस्त्रीने ड्रायव्हरला पढवलं.

तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीआधी इंजिन गार होऊ दिलं, कारण रोज दोन्ही फेऱ्यांच्या आधी ते गारच असायचं. पहिल्या फेरीअखेर काटा पस्तिसावर. दुसऱ्या फेरीत सत्तावीस. साहेब आता घड्याळ पाहत नव्हते, काटा पाहत होते. तिसऱ्या फेरीत परतीच्या चढावर काटा अठरावर आला आणि इंजिनाच्या पोटातून बारीक ठकठक सुरू झाली. मला तो आवाज चांगला ओळखीचा होता. बेरिंग ओरडत होतं. आणखी थोडं ताणलं असतं तर ते वितळलं असतं, आप्पांची गाडी कायमची बसली असती आणि मग तेल वाढलं काय, न वाढलं काय, कुणी ऐकून घेतलं नसतं. थांबवायला सांगावं तर चाचणी अर्धी राहते.

आयुबने मला विचारलं नाही. त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली, पाय हलका केला आणि चालणाऱ्या माणसाच्या वेगाने तो चढ चढला. ठकठक कमी झाली. काटा अठरावरच राहिला. शिपाई म्हणाला, "जल्दी चलाव ना." आयुब म्हणाला, "इंजन मरता." त्याला धरल्यापासून तो माझ्यासमोर बोलला ते पहिले शब्द होते.

दिवस कलताना गाडी शेडपुढे उभी राहिली. कालच्यापेक्षा जास्त माणसं जमली होती. सील तपासली, तिन्ही अखंड. साहेबांनी पट्टी काढली. तेल खुणेच्या वर, बोटाच्या पेरभर. ते म्हणाले, नुसत्या पट्टीवर मी जात नाही, मोजा. खालचं सील तोडून मी नट सोडला. साहेबांनी स्वतःच्या हाताने मापटं धरलं. एक, दोन, तीन. सहावं भरलं तेव्हा आजूबाजूचे लोक पुढे सरकले. आणि धार चालूच होती. सातवं मापटं पाऊण भरलं.

साहेबांनी मापट्यात बोट बुडवून वास घेतला, आणि बोट आप्पांपुढे धरलं.

"घासलेट," आप्पा म्हणाले.

"अब मिस्त्री बोलेंगे," साहेब म्हणाले.

मी बोललो. काल जेवढ्या मोठ्याने ओरडलो होतो तेवढ्याच मोठ्याने. "ह्यात कुनी काय वतलं न्हाय. गार इंजनात घासलेट जळत न्हाय. न जळलेलं रिंगांच्या फटीतनं खाली तेलात उतरतं. चांगल्या रिंगा आसत्या तर कमी उतरलं आस्तं. त्या रिंगा म्या बसवल्यात, जुन्या, घासून. त्यो दोष माजा. आन दगडापाशी कॉक फिरवायचा म्या सांगितला नव्हता. म्या चार मैलांवर सांगितला हुता."

सगळ्यांनी आयुबकडे पाहिलं. आयुब खाली पाहत होता.

"त्यानं न्हाय ठरवलं," आप्पा म्हणाले. त्यांचा हात मापट्याच्या कडेवर होता. "म्याच सांगितलं. गाडी तितं थांबतीच. आईम्होरं बदल केलेला बरा, आन पेट्रोलबी वाचतं, म्हून. ईरण्णा, तू आईचा दोष काढतोस का?"

"आईचा न्हाय आप्पा. तुमचा आन माजा."

आप्पांचा राग मला दिसत होता. बाजारभर दोन महिने सांगितलेली कृपा त्यांच्या पुढ्यात मापट्यात पडली होती, आणि तो शब्द मागे घ्यायला त्यांना सगळ्या गावासमोर वाकावं लागणार होतं. साहेब वाट पाहत होते. माझ्या मनात आलं, हा माणूस आता "तरी डबा घरी सापडलाच की" म्हणेल आणि सगळं पाण्यात जाईल.

आप्पांनी डोक्याचं पागोटं काढून हातात घेतलं. "साहेब, फिर्याद मागं घेतो. चूक माजी हाय. डब्यातलं तेल त्याचंच ऱ्हाऊ द्या."

साहेबांनी फिर्यादीचा कागद फाडला. शिपाई बाजूला झाला. लोक पांगायला लागले; काही आयुबच्या पाठीवर हात ठेवून गेले, त्यात काल त्याला नेताना नुसते उभे राहून पाहणारेही होते.

आयुब आधी गाडीकडे गेला. वाकून चेंबरखाली पाहिलं. "बेरिंग वाचलं का मिस्त्री?"

"वाचलं. तुज्या पायानं वाचलं." मग इतका वेळ आत दाबून ठेवलेलं बाहेर आलं, आणि तेही माझ्या नेहमीच्या पद्धतीने, रागातच. "आरं लेका, तेल आपोआप वाढतंय हे तुला म्हायत हुतं. दोन म्हैने काढून काढून डब्यात भरत हुतास. तोंड शिवलं हुतं का? सांगितलं का न्हाईस?"

आयुब सरळ उभा राहिला. हात सदऱ्याला पुसले.

"आप्पा समद्या बाजारात सांगत हुते, आईची किरपा हाय म्हून. म्या मुसलमान मानूस. म्या उटून म्हनू का, किरपा न्हाय, कायतरी बिघाड हाय म्हून?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "आन तुमी म्हनत हुता, रिंगा तुमच्या हायेत म्हून."

मी हातातला पाना चिंधीने पुसला.

"काल धरलं तवा तरी बोलायचं," मी शेवटी म्हणालो.

"कुनाला मिस्त्री? साहेबांनी तुमाला इचारलं. आप्पांनी पट्टीला इचारलं. तुमी नळी सोडली, तेलाचा वास घेतला, दुपारभर इंजन खोललं. आज मोटारीची गवाई काढली." त्याचा आवाज चढला नाही. "म्या तितंच उबा हुतो की. मला कुनी इचारलं?"

तो वळला, शिपायाने चावडीतून आणून ठेवलेला स्वतःचा डबा उचलला आणि बाजारतळाच्या कोपऱ्यावर सायराबी उभी होती तिकडे चालू लागला. मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग शेडमधून पाने आणले आणि इंजिनातल्या बार्शीच्या त्या रिंगा काढायला घेतल्या.